गाडीत काय भरत होते?

उसाचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये आटोपला, की सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या रस्त्यांलगत ‘विकणे आहे’ची पाटी लावलेले ट्रक उभे दिसतात. केबिनला ताजा रंग, आरशाला काळा गोंडा, फाळक्यावर नुकतंच काढलेलं कमळ. घेणारा गाडीभोवती एक फेरी मारतो, टायरला लाथ घालून बघतो आणि विचारतो, “कितवं मॉडेल?” उत्तर मिळतं, भाव ठरतो, विसार दिला जातो.

साल महत्त्वाचं आहेच. परवान्यापासून कर्जापर्यंत बरंच काही त्यावर ठरतं. पण पहिला प्रश्न तो नव्हे. या गाडीत काय भरत होते आणि ते कुठल्या रस्त्याने नेत होते, हे आधी विचारायचं. जुना ट्रक घेणारा माणूस आधीच्या धंद्याची झीज विकत घेत असतो. ती किती आहे, कुठे आहे आणि आपल्याला झेपेल का, एवढंच बघायचं असतं.

धंद्याचे वण

पार्सलची गाडी आणि खडीची गाडी एकाच दिवशी शोरूममधून निघाल्या, तरी पाच वर्षांनी त्या एका घरच्या वाटत नाहीत. पार्सलवाली हलका, फुगीर माल घेऊन हमरस्त्याने रात्रभर पळते. तिचे किलोमीटर बघून छाती दडपते, पण इंजिन एका लयीत चाललेलं असतं आणि चासीवर ताण कमी पडलेला असतो. खडी, मुरूम, वाळूचा टिपर मात्र खाणीतला चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढतो, दिवसभर धूळ खातो आणि पासिंगइतकाच माल क्वचित भरतो. मीटरवर किलोमीटर कमी दिसले तरी त्याचं इंजिन भरपूर तास राबलेलं असतं. म्हणून ‘कमी चाललेला टिपर’ ऐकून हुरळून जाऊ नये.

उसाच्या गाडीचं दुखणं निराळं. चार-पाच महिने शेतातल्या चिखलातून, फाळक्याच्या वरपर्यंत मोळ्या रचून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत खेपा, आणि उरलेले महिने बांधावर उभी. आधी अतिश्रम, मग बेकारी. उभ्या गाडीचे रबरी सील सुकतात, ब्रेकचे ड्रम गंजतात, बॅटरी बसते, टाकीत पाणी साचतं. मासळीच्या गाडीतून बर्फाचं खारं पाणी सतत गळतं. रत्नागिरी-मालवणकडची अशी गाडी वरून देखणी असते, पण खाली हौद्याच्या आडव्या बीमला पान्याने टोचलं की गंजाचे पापुद्रे हातात येतात. भाजीची गाडी पहाटेच्या बाजाराशी शर्यत लावत पळालेली असते, तिचे ब्रेक नीट बघा. दुधाचा टँकर रोज एकाच रस्त्याने ठरल्या वेळी जातो. तो बंद पडला तर दूध नासतं, म्हणून त्याची देखभाल बहुधा वेळच्या वेळी झालेली असते. मला विचाराल तर जुन्या गाड्यांत पार्सल आणि दूध यांचा इतिहास सगळ्यांत निरोगी.

हा इतिहास मालक सांगेल तो ऐकून घ्यावा आणि पुरावा हौद्यात शोधावा. पत्र्यावर दगडांचे पोचे आहेत का, कोपऱ्यात सिमेंटची खपली घट्ट बसली आहे का, फळ्यांच्या फटीत पांढरा खार आहे का? जुना ड्रायव्हर भेटला तर त्याला चहा पाजून दहा मिनिटं बोलतं करा. चढावर कुठला गिअर टाकावा लागतो, हे मालकाला बहुतेक वेळा माहीतही नसतं.

बीएस-३, ४ की ६?

प्रदूषणाच्या नियमांमुळे जुन्या ट्रकांच्या बाजारात तीन पिढ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झालं, बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून. २०१७च्या मार्चअखेरीस सुप्रीम कोर्टाने बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली, तेव्हा शेवटच्या दोन-तीन दिवसांत मोठी सूट देऊन ट्रक विकले गेले. त्यामुळे ‘मार्च २०१७’ नोंदणीचे ट्रक आजही बाजारात भेटतात.

बीएस-३ची गाडी तालुक्याच्या गॅरेजात खोलता आणि बांधता येते. जुन्या धर्तीचा पंप, तारांचं जंजाळ कमी, सुटे भाग सगळीकडे. अडचण वयाची आहे. दोन ॲक्सलच्या, म्हणजे सहा चाकी ट्रकला नॅशनल परमिट बारा वर्षांपर्यंतच मिळतं, मल्टिॲक्सलला पंधरा वर्षांपर्यंत. २०१६ची सहा चाकी घेतलीत तर २०२८ नंतर ती त्या परमिटवर बंगळूर-इंदूरकडे धाडता येणार नाही. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात विटा किंवा पशुखाद्य वाहायचं असेल, तर या गोष्टीने काही बिघडत नाही.

बीएस-४मध्ये पिढी एक असली तरी तंत्र दोन आहेत. अशोक लेलँडने आपल्या जड ट्रकांत धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवण्याचा मार्ग घेतला आणि जुन्या धर्तीचा पंप ठेवला. इतर अनेक गाड्यांत धुरावर युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणा आली. म्हणून ‘बीएस-४ आहे’ एवढं ऐकून थांबू नका, “युरियाची आहे का?” हेही विचारा. बीएस-६मध्ये युरियासोबत काजळी धरून ठेवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, आणि ढीगभर सेन्सर आले. गाडी ताकदवान आणि सुबक, पण स्कॅनर लावल्याशिवाय मेस्त्रीला तिच्या पोटातलं काही कळत नाही. तुमच्या गावापासून तीस-चाळीस किलोमीटरवर स्कॅनर असलेलं गॅरेज नसेल, तर माझं मत बीएस-६च्या विरुद्ध.

दिल्लीच्या स्वस्त गाड्यांचा मोह अनेकांना पडतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये मज्जाव केला, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये तो उचलून धरला, आणि तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत उतरू लागल्या. किंमत खरोखर कमी असते. मात्र महाराष्ट्रातला कर, नवा नंबर आणि एजंटच्या फेऱ्या हे सगळं त्या किमतीत मिळवल्याशिवाय ‘स्वस्त’ म्हणू नका.

थंड इंजिन

गाडी बघायला निघताना मालकाला फोन करून सांगा, “मी येईपर्यंत सेल्फ मारू नका.” पोचल्यावर पहिला हात रेडिएटरवर ठेवा. कोमट लागला तर सकाळी कुणीतरी गाडी तापवून ठेवली आहे, आणि थंड गाडी सुरू होताना जे दिसलं असतं ते लपवलं आहे.

सुरू करण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडून आत तेलाचा तवंग आहे का ते बघा. मग ऑइलची गेज काठी ओढा. काळं ऑइल हा दोष नाही, डिझेल इंजिनात ते लवकर काळं होतंच. पण ताकासारखं फेसाळ, तपकिरी-पांढरं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. गॅस्केट गेलं आहे किंवा त्याहून वाईट.

आता सेल्फ मारा आणि सायलेन्सरकडे बघा. सुरुवातीला थोडा पांढरा धूर थंडीत येतो आणि जातो. तो टिकून राहिला तर कंप्रेशन कमी आहे, नोझल बिघडलेत किंवा पाणी जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेस केल्यावर काळा लोट उठला तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. फिल्टर, टर्बो, पंप-नोझल यांतलं काहीतरी. यात काळा धूर बहुधा सर्वांत स्वस्तात सुटतो, निळा सर्वांत महागात.

इंजिन सुरू असताना ऑइल भरण्याचं झाकण काढून त्याच जागी उलटं ठेवा. ते नुसतं थरथरलं तर ठीक. टुणकन उडालं किंवा तिथून आगगाडीसारखा धूर येऊ लागला, तर पिस्टनच्या बाजूने वायू खाली उतरतोय. इंजिन खोलायची वेळ जवळ आली.

“इंजिन नुकतंच बांधलंय” हे वाक्य फार ऐकू येतं. त्यावर एकच मागणी करा, सुट्या भागांची बिलं. टाटाच्या अनेक ट्रकांत कमिन्सचं ५.९ लिटर, सहा सिलिंडरचं इंजिन आहे. त्यात वेगळे लायनर नसतात, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. काम काढलं की बोअर मोठा करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवतात. तेव्हा पिस्टन स्टँडर्ड आहेत की ओव्हरसाइझ, आणि असल्यास कितीचे, हे बिलावर दिसतं. दोनदा बोअर वाढवून झालेल्या ब्लॉकचं पुढचं काम मोठं आणि खर्चिक असतं.

ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊ नये. रिकामा ट्रक चांगलाच चालतो. शक्य असेल तर भरलेल्या गाडीची खेप ठरवून सोबत जा, नाहीतर निदान जवळचा चढ गाठा. वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र तेवढी पुढे सरकत नाही, तर क्लच प्लेट संपली. उतारावर गिअर आपोआप निसटतो का? रेस देताना आणि सोडताना मागून, हाउसिंगमधून, घुंईं असा वेगवेगळा आवाज येतो का? तापमानाचा काटा चढाच्या माथ्यावर कुठे आहे?

खाली वाका

बहुतेक गिऱ्हाइकं गाडीखाली जात नाहीत, आणि खरी गोष्ट तिथेच लिहिलेली असते. एक टॉर्च आणि जुनं पोतं सोबत न्या. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट चासीला जिथे बसतात तिथे केसासारखी भेग आहे का बघा. वेल्डिंगचं ठिगळ असेल तर ते का लावलं हे विचारा. ताज्या काळ्या रंगाने चासी न्हाऊ घातली असेल तर शंका दुप्पट. पाट्यांची कमान सपाट झाली आहे का, दोन्ही बाजूंच्या पाट्यांची संख्या सारखी आहे का, हे मोजा. मूळ संख्येपेक्षा दोन-तीन पाटे जास्त चढवलेले दिसले, तर ‘काय भरत होते’ याचं उत्तर मिळालं. पासिंगच्या दीडपट.

पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा. लटका हालला तर किंगपिन किंवा बेअरिंगचं काम आहे. पुढचा टायर एका कडेने जास्त घासला असेल तर अलाइनमेंट, किंगपिन किंवा वाकलेला ॲक्सल, आणि वाकलेला ॲक्सल म्हणजे जुना अपघात.

कागद

इथे सावकाश चला. इंजिन बिघडलं तर पैसे जातात, कागद बिघडले तर गाडीच जाते.

चासी नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. पंचिंगवर पेन्सिल घासून कागदावर ठसा घ्या. टाटाचा नंबर ‘एमएटी’ने सुरू होतो, अशोक लेलँडचा ‘एमबी१’ने. अक्षरं तिरकी, खोडलेली किंवा भोवतालचा पत्रा घासलेला दिसला, तर विसार खिशातच ठेवा. चोरीच्या गाड्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत बघता येते. परिवहनच्या ‘वाहन’ पोर्टलवर नंबर टाकला की मालक कितवा, फिटनेस आणि विमा कुठपर्यंत, बोजा आहे का, हे दिसतं. कर कुठपर्यंत भरलाय आणि ई-चलन किती थकलीत हेही काढा. थकलेली चलनं नावावर करताना आडवी येतात.

आरसीवर पासिंग वजन किती आहे ते मुद्दाम वाचा. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ॲक्सलचं मान्य वजन वाढवलं. सहा चाकीचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ झालं, दहा चाकीचं २५ वरून २८.५. पण त्याआधीच्या गाडीच्या आरसीवर जुनाच आकडा असेल, तर विकणारा तोंडाने काहीही सांगो, काट्यावर आरसीतलाच आकडा चालतो. २०१९च्या कायदा दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार अशी दंडाची तरतूद आहे. चार खेपांचा नफा एका काट्यावर जातो.

गाडी नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि फायनान्स कंपनीचं पत्र, दुसऱ्या आरटीओत न्यायची तर फॉर्म २८ वर एनओसी. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं असतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं सही केलेल्या कोऱ्या फॉर्मवर गाडी हिंडते, मधले दोन मालक कागदावर येतच नाहीत. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलं, की आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. हा निकाल विकणाऱ्याला घाबरवणारा वाटतो, पण घेणाऱ्यानेही तो लक्षात ठेवावा. नाव तुमचं नसताना गाडीचं नुकसान झालं, तर विमा कंपनीकडे कुठल्या नात्याने मागणार? विमा आपल्या नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांत द्या. ताबा घेताना तारीख आणि वेळ घालून पावती करा, कारण चलन मिनिटाच्या हिशेबाने फाटतं. विकणाऱ्याचा फास्टॅग बंद करून आपला लावून घ्या.

फिटनेस, म्हणजे आपलं पासिंग, आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या व्यापारी गाड्यांना पर्यावरण करही आहे. पासिंगच्या तोंडावर आलेली गाडी विकायला काढलेली असेल, तर “पासिंग तुम्ही करून द्या, मग पैसे” म्हणा. बरेच दोष मालकच दुरुस्त करून देतो.

लहान गाडी घेणाऱ्यांसाठी एक दिलासा. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, यावर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. आणि ३,००० किलोपर्यंतच्या गाडीला परमिटच लागत नाही.

हप्त्याचं गणित

जुन्या ट्रकला बँका फारशा उत्साहाने कर्ज देत नाहीत. १९७४ मध्ये सुरू झालेल्या श्रीराम समूहासारख्या फायनान्स कंपन्या मुख्यतः याच धंद्यावर वाढल्या. व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त असतं, ते समजण्यासारखं आहे. गोंधळ होतो तो ‘फ्लॅट’ शब्दाने. सहा लाख तीन वर्षांसाठी, दहा टक्के फ्लॅट. म्हणजे एक लाख ऐंशी हजार व्याज, महिन्याचा हप्ता २१,६६७. पण दरमहा मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण सहा लाखांवर लावलं जातं. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर जवळपास अठरा टक्के पडतो. विचारायचं ते हेच, फ्लॅट की घटत्या शिलकीवर?

समजा गाडी महिन्याला ४,००० किलोमीटर चालते, लिटरला पाच देते आणि डिझेल नव्वदच्या घरात आहे. ८०० लिटर, म्हणजे ७२ हजार डिझेलचे. वर हप्ता, ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता, टोल, विमा, हमाली. किलोमीटरमागे दोन-अडीच रुपये दुरुस्ती आणि टायरसाठी वेगळे काढले नाहीत, तर पहिला मोठा खर्च हप्ता खातो. माझा आणखी एक हट्ट आहे. गाडीची किंमत सगळे पैसे संपवून देऊ नये. किमतीच्या पंधरा टक्के तरी रक्कम पहिल्या तीन महिन्यांसाठी हातात ठेवावी. जप्तीच्या यार्डातली गाडी घेत असाल तर पंचवीस टक्के. तिथे उभ्या गाडीच्या बॅटऱ्या आणि टायर बदललेले निघण्याची शक्यता बरीच असते.

पहिला आठवडा

विकणाऱ्याने काय बदललं होतं यावर विश्वास ठेवू नका. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, गिअर आणि हाउसिंगचं तेल, सगळं एकदम बदला. मोठ्या ट्रकच्या इंजिनात बारा ते वीस लिटर ऑइल बसतं, खर्च जाणवतो. पण इथून पुढे किलोमीटर मोजायला शून्य मिळतं. पट्टे, होस आणि त्यांचे क्लॅम्प बघा. टॅपेट सेटिंग करून घ्या. चाकांचे नट आवळा आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

हवा, पाणी, डिझेल

डिझेल इंजिन मरतं ते बहुधा धुळीने. एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या होसला बारीक चीर असेल, तर फिल्टर नवा असूनही धूळ थेट बोअरमध्ये जाते आणि काही हजार किलोमीटरमध्ये पिस्टन-रिंगचा भुगा करते. फिल्टर हवेच्या पाइपने जोरात फुंकून वर्षभर वापरायची सवय आपल्याकडे फार. कागद फाटतो, ते डोळ्यांना दिसत नाही. फुंकत बसण्यापेक्षा नवा घ्या.

रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी ओतू नका. क्षारांचा थर बसतो, उष्णता बाहेर पडत नाही. ज्या इंजिनांत लायनरच्या बाहेरून थेट पाणी खेळतं, तिथे लायनर थरथरून पाण्यात बारीक बुडबुडे फुटतात आणि धातूला टाचणीएवढी भोकं पडतात. कूलंटमधली रसायनं तेच रोखतात. म्हणजे कूलंट थंडीसाठीच असतो हा समज सोलापुरातही सोडावा.

डिझेल फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी रोज सकाळी सोडावं. जुन्या पंपाच्या गाडीत नोझल दोन-अडीचशे बारच्या दाबाला उघडत असे. आताच्या कॉमन रेल इंजिनात हा दाब हजार-दीड हजार बारच्या पुढे जातो. तिथे पाण्याचा थेंब किंवा रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ म्हणून मिळणारं स्वस्त तेल इंजेक्टर खाऊन टाकतं, आणि लिटरमागे वाचवलेल्या दहा-वीस रुपयांची फेड एका इंजेक्टरच्या बिलात होते. गाडी थांबवल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करा. टर्बो तापलेला असताना ऑइल एकदम थांबलं तर ते तिथेच जळून कोळसा होतं.

युरिया

डीईएफ, म्हणजे ड्रायव्हरांच्या भाषेत युरिया, हे ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं द्रावण असतं. शंभर लिटर डिझेलला साधारण चार ते सहा लिटर लागतं. शेताच्या खताचा युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतणारे महाभाग आहेत. त्यातल्या अशुद्धतेने फवारणीचं तोंड आणि महागडा कॅटॅलिस्ट दोन्ही कामातून जातात. काही जुन्या गाड्यांत चिप लावून युरियाची यंत्रणाच बंद केलेली असते. ओळख अशी की युरियाची टाकी रिकामी किंवा धुळीने माखलेली, आणि तरीही डॅशबोर्डवर एकही इशारा नाही. अशी गाडी पासिंगला अडू शकते, आणि यंत्रणा पुन्हा चालू करण्याचा खर्च तुमचा.

घाट आणि ब्रेक

पुण्याचा नवा कात्रज बोगदा ओलांडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता जड गाड्यांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे आणि कसारा, खंबाटकीतही जुनी सवय एकच, डिझेल वाचतं म्हणून उतारावर न्यूट्रल. डिझेल वाचत नाही. गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिन डिझेल घेणं जवळपास थांबवतं, चाकंच त्याला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र ते आयडलवर पीत राहतं. शिवाय इंजिनाची पकड गेल्यावर सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनर गुळगुळीत होऊन पकड सोडतात. वारंवार पेडल मारल्याने टाकीतली हवा संपते आणि आयडलवरचा कंप्रेसर ती भरून काढू शकत नाही. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, आणि एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो चालू ठेवायचा.

घरच्या घरी करायची परीक्षा सोपी आहे. हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि काट्याकडे बघा. तो डोळ्यांदेखत उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. साबणाचं पाणी लावून सांधे तपासा. हवेच्या टाक्यांचं पाणी रोज सोडा. पाण्यासोबत बरंच ऑइल आलं तर कंप्रेसर खराब होतोय.

टायर आणि बॅटरी

टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी टायर जुना असू शकतो, किंवा रिमोल्ड. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरची हवा कुणी बघत नाही. ती कमी झाली की बाहेरचा एकटा भार ओढतो आणि उन्हात फुटतो. व्हॉल्व्हला लांब नळी लावून घ्या, मग बघायचा आळस होत नाही.

ट्रकला बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट मिळतात. टेप किंवा मोबाइल चार्जरसाठी त्यातल्या एकीवरून तार ओढलेली असते. ती बॅटरी कमी चार्ज होते, दुसरी जास्त, आणि वर्षात दोन्ही जातात. चोवीसचे बारा करणारा छोटा कन्व्हर्टर घ्या.

वही

केबिनमध्ये एक वही असू द्या. डिझेल भरल्याची तारीख, मीटर, लिटर. टाकी फुल ते फुल, म्हणजे ॲव्हरेज खरं निघतं. ऑइल कधी बदललं, ग्रीस कधी केलं, कुठला टायर कुठल्या जागी गेला. चार हजार किलोमीटरमध्ये ॲव्हरेज साडेपाचवरून पाचवर आलं, तर सत्तर-पंचाहत्तर लिटर डिझेल कुठेतरी गळालं. आधी पंपवाल्याकडे धावू नका. खेपेहून आल्यावर लगेच प्रत्येक ब्रेक ड्रमजवळ हात न्या, लावू नका, भाजेल. एखादा इतरांपेक्षा जास्त तापलेला असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय. दहा मिनिटांत मेस्त्री ॲडजस्टर सैल करून देतो.